रॉक आल्बम आज एलपीवर घ्यायचा तर

नव्या एलपीच्या (गाण्यांच्या मोठ्या तबकडीच्या) कव्हरवर हल्ली एक गोल स्टिकर असतो. १८० ग्रॅम, रीमास्टर्ड, लिमिटेड एडिशन, शिवाय तबकडीच्या रंगाचं नाव. एका तबकडीचा आयात केलेला रॉक आल्बम भारतात साधारण अडीच ते चार हजारांना पडतो, दोन तबकड्यांचा त्याहून बराच वर जातो. एवढे पैसे मोजायचे, पण सुई ज्या खाचेतून फिरणार त्या खाचेबद्दल स्टिकर जवळजवळ काहीच सांगत नाही. कटिंग, म्हणजे टेपवरचा किंवा फाइलीतला आवाज खाच म्हणून कोरण्याचं काम, कोणी केलं, कशावरून केलं, एका बाजूला किती मिनिटं बसवली आणि तबकडी प्रेसमध्ये दाबताना काळजी घेतली का, या गोष्टींवर आवाज ठरतो. आजच्या पुनर्मुद्रणांत सत्तरच्या दशकातल्या मूळ प्रतींच्या तोडीचे आल्बम आहेत, काही त्यांच्याहूनही सरस आहेत. त्याच फळीवर सीडीची फाइल उचलून जसेच्या तसे कापलेले आल्बमही उभे असतात. स्टिकर दोन्हींवर सारखाच.

वजनापासून सुरुवात करू, कारण जाहिरात त्याचीच होते. खाचेची खोली आणि रुंदी कटिंगच्या वेळी ठरते. तबकडी १२० ग्रॅमची असो की १८० ची, खाच तीच. जड तबकडी हाताला छान लागते आणि सहज वाकत नाही, एवढाच तिचा फायदा. जाड प्लास्टिक थंड व्हायला मात्र जास्त वेळ घेतं, आणि प्रेसमधून घाईने काढून गरम असतानाच कव्हरात सारली तर १८० ग्रॅमची तबकडीही थाळीसारखी खोलगट होते. सत्तरच्या दशकातल्या उत्तमोत्तम ब्रिटिश आणि जपानी प्रती १२० ते १४० ग्रॅमच्या आसपास आहेत आणि त्यांच्या आवाजाला कुणी नाव ठेवलेलं नाही.

रंगाचंही तसंच. साधी एकरंगी किंवा पारदर्शक तबकडी नीट दाबली असेल तर काळ्या तबकडीइतकीच शांत वाजते. चित्र छापलेली पिक्चर डिस्क मात्र ऐकण्यासाठी घेऊ नये. तिच्यात छापील कागदावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, खाच त्या थरात उमटते आणि पार्श्वभूमीची खरखर गाण्यातल्या शांत जागी ठळक ऐकू येते. भिंतीवर टांगायची असेल तर गोष्ट वेगळी.

कटिंग कशावरून झालं हे कळलं की अर्धा निर्णय होतो. बीटल्सचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे, कारण त्यांचे तेच आल्बम दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या पद्धतींनी निघाले. २०१२ चा स्टीरिओ संच २४ बिटच्या डिजिटल फाइलींवरून कापला होता. २०१४ चा मोनो संच मूळ मोनो टेपवरून, मध्ये कुठेही डिजिटल टप्पा न आणता कापला. मोनो संचात आवाजाला अंग आहे: बेस गिटार जागेवर ठाम उभं राहतं, गायक समोर येतो, झांजेचा शेवटचा थरथराट विरताना ऐकू येतो. २०१२ चा संच वाईट नाही, पण शेजारी ठेवून ऐकला की सपाट वाटतो.

यावरून ‘डिजिटल आलं की आवाज गेला’ असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. लेड झेपलिनचे, त्यांचाच गिटारवादक जिमी पेज याच्या देखरेखीखाली २०१४ पासून निघालेले आल्बम डिजिटल ट्रान्सफरवरूनच (टेपवरचा आवाज फाइलीत उतरवून) कापलेले आहेत आणि आज नव्या कोऱ्या मिळणाऱ्या रॉक एलपींमध्ये ते सर्वांत खात्रीचे आहेत. २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या मोबाइल फिडेलिटी या महागड्या पुनर्मुद्रणांच्या कंपनीने मान्य केलं, की त्यांच्या पुष्कळ आल्बमांमध्ये टेप आणि कटिंग यांच्या मधे डिजिटल टप्पा होता. ग्राहक कोर्टात गेले, आणि त्यांची तक्रार रास्त होती: विकताना जे सूचित केलं ते दिलं नव्हतं. पण शुद्ध अ‍ॅनालॉगचे, म्हणजे डिजिटल टप्पा अजिबात नसलेल्या कटिंगचे, कट्टर पुरस्कर्ते वर्षानुवर्षं त्याच तबकड्यांची तारीफ करत होते हेही तितकंच खरं. उत्तम टेपवरून काळजीने केलेलं ट्रान्सफर आणि कुशल इंजिनिअर असेल तर कान तक्रार करत नाही.

कान तक्रार करतो तो ठेचून भरलेल्या मास्टरबद्दल, म्हणजे कटिंगला जाणाऱ्या अंतिम रेकॉर्डिंगबद्दल. नव्वदीच्या मध्यापासून रॉक सीडी मोठ्यात मोठ्या आवाजात वाजाव्यात म्हणून हळू आणि जोरकस भागांतलं अंतर दाबून टाकलं जाऊ लागलं. ड्रमचा ठोका आणि गिटारची भिंत एकाच उंचीवर. हीच फाइल एलपीच्या कटिंगला पाठवली तर इंजिनिअरला सगळी पातळी खाली आणावी लागते, कारण सतत जोरात असलेला आवाज खाचेत मावत नाही. मग हातात येतो तो हळू आवाजातला आणि तरीही सपाट आल्बम. इथे एक सापळा आहे. एलपीवरून रेकॉर्ड करून मोजलेला डायनॅमिक रेंजचा (हळू आणि जोरकस आवाजांतल्या अंतराचा) आकडा सीडीपेक्षा मोठा दिसतो आणि लोक त्याला वेगळ्या मास्टरिंगचा पुरावा मानतात. कटिंगपासून कार्ट्रिजपर्यंतच्या (सुई बसवलेल्या भागापर्यंतच्या) साखळीत लहरींचा आकार बदलतो, त्यामुळे तोच मास्टर असला तरी आकडा फुगतो. त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

त्यापेक्षा तबकडी वाचा. लेबल आणि शेवटच्या खाचेच्या मधे जो गुळगुळीत पट्टा असतो, तो दिव्याखाली तिरका धरला की त्यात कोरलेली अक्षरं दिसतात. मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या कटिंगचा क्रमांक, तर असतोच, शिवाय पुष्कळदा कटिंग करणाऱ्याची आद्याक्षरंही असतात. ‘केपीजी’ म्हणजे केव्हिन ग्रे, ‘बीजी’ म्हणजे बर्नी ग्रंडमन, ‘आरएल’ म्हणजे रॉबर्ट लडविग. ही तीन आद्याक्षरं दिसली तर सहसा निराशा होत नाही. सीलबंद आल्बम असेल तर त्या आवृत्तीचा क्रमांक डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या संकेतस्थळावर शोधायचा; तिथे या पट्ट्यातली अक्षरं लोकांनी टिपून ठेवलेली असतात. पण नोंद नेमकी त्याच आवृत्तीची आहे ना हे बारकोडवरून ताडून बघा, कारण तोच आल्बम अमेरिकेत एका आणि युरोपात दुसऱ्या कारखान्यात दाबलेला असू शकतो.

‘आरएल’चं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लेड झेपलिनच्या दुसऱ्या आल्बमची १९६९ ची पहिली अमेरिकन प्रत. लडविगने ती इतकी जोरकस कापली, की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई खाचेतून उडायची. कंपनीने मग सौम्य कटिंग करून घेतलं. आज ती पहिली प्रत हजारो रुपयांच्या पुढे गेली आहे. कटिंग म्हणजे काय चीज आहे हे या एका तबकडीवरून कळतं: टेप तीच, आल्बम तोच, फक्त खाच वेगळी.

आता मिनिटांचा हिशेब, ज्याकडे घेणाऱ्याचं सगळ्यांत कमी लक्ष जातं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. म्हणजे शेवटच्या गाण्याला पहिल्या गाण्याच्या निम्म्याहूनही कमी जागा मिळते. झांजा आणि ‘स’ ‘श’ हे उच्चार तिथे फाटायला लागतात. त्यात बाजू लांब असेल तर खाचा दाटीने बसवाव्या लागतात, बेस कापावा लागतो आणि पातळी उतरवावी लागते. रॉकसाठी एका बाजूला १८ ते २२ मिनिटं ही सुखाची मर्यादा. २५ च्या पुढे गेलं की तडजोड कानाला कळते.

सत्तरच्या दशकातले आल्बम या मर्यादेत राहूनच रचले जायचे. एका बाजूचा शेवट काय, दुसरीची सुरुवात काय, हे बँड ठरवायचा. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ दोन्ही बाजू मिळून सुमारे ४३ मिनिटांचा आहे, त्यामुळे तो एका तबकडीवर ऐसपैस बसतो. सीडी आली आणि आल्बम लांबले. डायर स्ट्रेट्सचा १९८५ चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ सीडीवर सुमारे ५५ मिनिटांचा, तर मूळ एलपीवर गाणी छाटून ४७ च्या आसपास आणलेला. ज्याला पूर्ण लांबीची गाणी हवीत त्याने दोन तबकड्यांची नंतरची आवृत्ती घ्यावी. नव्वदीतले साठ-सत्तर मिनिटांचे आल्बम एका तबकडीवर कोंबलेले दिसले तर किंमत कितीही आकर्षक असो, सोडून द्या. तेच दोन तबकड्यांवर, शक्यतो ४५ फेऱ्यांच्या कटिंगमध्ये असतील तर खुशाल घ्या. उठून चार वेळा बाजू बदलावी लागते, पण लेबलजवळच्या गाण्यांना श्वास घ्यायला जागा मिळते.

जुन्या मालाकडे वळू. मुंबईत ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, पण चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर अजून रेकॉर्डचे ढीग असतात, आणि नवा-जुना दोन्ही माल ठेवणारं माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब आहे. जुन्या ढिगांत रॉकच्या ज्या प्रती मिळतात त्या बहुतेक भारतात दाबलेल्या: ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातल्या, नाहीतर पॉलिडॉर आणि सीबीएसच्या. यांना सरसकट कमी लेखू नये. पुष्कळदा विलायतेहून आलेल्या धातूच्या साच्यावरून त्या दाबलेल्या आहेत, त्यामुळे मूळ कटिंगचा जोर त्यांच्यात शाबूत असतो. उणीव असते ती प्लास्टिकच्या शुद्धतेत आणि कव्हरात. दुमडीचं कव्हर साधं केलेलं असतं, आतली पोस्टरं गाळलेली असतात. ऐकण्यासाठी घेत असाल तर चांगल्या स्थितीतली भारतीय प्रत त्याच पैशात मिळणाऱ्या झिजलेल्या ब्रिटिश प्रतीपेक्षा कधीही बरी.

स्थिती तपासायची ती ट्यूबलाइटखाली नाही, एका बल्बच्या किंवा मोबाइल टॉर्चच्या तिरक्या उजेडात. वरवरचे केसासारखे ओरखडे फारसे वाजत नाहीत. नख हलकेच फिरवलं आणि ओरखडा नखाला लागला, तर तो वाजणार. दर १.८ सेकंदाला एक ‘टक्’, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. त्याहून वाईट म्हणजे झीज. जुन्या चेंजरवर (तबकड्या आपोआप बदलणाऱ्या प्लेअरवर) सुईवर पाच-सहा ग्रॅम भार ठेवून, बोथट सुईने वाजवलेली तबकडी चकाकण्याऐवजी करडी दिसते, विशेषतः जोरकस गाण्यांच्या पट्ट्यात. तिथे खाचेच्या भिंतीच घासल्या गेलेल्या असतात आणि कुठल्याही धुण्याने त्या परत येत नाहीत. दुकानात वाजवून बघायला मिळत असेल तर पहिलं गाणं ऐकू नका. बाजूचं शेवटचं गाणं, त्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग ऐका. तिथे फाटला नाही तर बाकीचा आल्बम ठीक आहे.

ऑनलाइन विक्रीतले दर्जे ओळखून ठेवा. निअर मिंट म्हणजे जवळजवळ नवा. व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस) म्हणजे हलक्या खुणा, ऐकायला उत्तम. बहुतेक खरेदी याच दर्जाची करावी. व्हीजी म्हणजे गाण्यांच्या मधल्या शांततेत खरखर ऐकू येणारच. आणि ‘गुड’ या शब्दाचा अर्थ इथे ‘चांगला’ असा नसतो. ती तबकडी खूप वापरलेली असते. मागवताना विक्रेत्याला सांगायचं, तबकडी कव्हरातून बाहेर काढून मागे वेगळी ठेवून पाठवा. तसं केलं नाही तर प्रवासात तबकडी आपटून कव्हरची कड उसवते. एप्रिल-मेमध्ये पार्सल कुरियरच्या टेम्पोत तापून आलं, तर उघडायची घाई नको. सपाट ठेवून दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

नव्या तबकडीची तपासणी परत करायची मुदत संपण्याआधी, दोन्ही बाजूंनी करायची. तबकडी टर्नटेबलवर फिरवून कडेने डोळा लावून बघा. सुई वर-खाली जाते पण आवाज स्थिर असतो, इतपत लाट चालते. मग टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, डोकं वरून बघा. प्रत्येक फेऱ्याला ते डावी-उजवीकडे डोलत असेल तर भोक मध्यावर पडलेलं नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा लेबलजवळ वेग जवळपास ०.८ टक्क्याने कमी-जास्त करते, आणि लांबवलेल्या गिटारच्या सुरात किंवा पियानोत तो हेलकावा लगेच कळतो. असा माल ठेवून घेऊ नका. तिसरा दोष म्हणजे खाच पूर्ण न भरणं. दाबताना प्लास्टिक साच्याच्या प्रत्येक सांदीत पोचलं नाही तर तिरक्या उजेडात बारीक ठिपक्यांचा फिकट पट्टा दिसतो आणि त्या जागी कापड फाटल्यासारखा ‘चर्रर्र’ आवाज येतो. सहसा एकाच बाजूच्या स्पीकरमधून. हा आवाज धुऊन जात नाही. दुकानदार ‘एकदा धुऊन बघा’ म्हणेल; धुवा, पण आवाज तसाच राहिला तर बदलून मागा.

चुरचुर मात्र धुऊन पुष्कळ कमी होते. नवी तबकडी कागदी स्लीव्हमधून काढताना स्थिर वीज तयार होते आणि कागदाचा भुसा ओढून घेते. पुण्या-नागपूरच्या कोरड्या थंडीत हा त्रास जास्त, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जवळजवळ नाही. म्हणून नवी तबकडीही वाजवण्याआधी धुवावी. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात दीडशे मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुगंध नसलेल्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. नळाचं किंवा आरओचं पाणी नको. ते सुकलं की क्षार खाचेत राहतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवायचं. ही दुसरी धुलाई टाळली तर साबणाचा थर सुईवर गोळा होतो. मायक्रोफायबरने टिपून अर्धा तास उभी वाळवायची. तबकडी ७८ फेऱ्यांची जुनी लाखेची असेल तर अल्कोहोल अजिबात नको, लाख त्यात विरघळते. धुतलेली तबकडी कारखान्याच्या कागदी स्लीव्हमध्ये परत घालू नका, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली नवी स्लीव्ह वापरा.

हे सगळं करूनही प्लेअर वाईट असेल तर पैसे पाण्यात. सूटकेसच्या आकाराचे प्लेअर घेऊ नयेत. त्यांच्या सुईवरचा भार जास्त आणि सुई जाडीभरडी असते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम, ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम भार लागतो. छोटा डिजिटल काटा घेऊन तो मोजा, टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही आणि जोरकस जागी भिंतींवर आपटते. लंबगोल टोकाची सुई ऑडिओ-टेक्निकाच्या सांगण्याप्रमाणे ३०० तास चालते, म्हणजे रोज एक आल्बम ऐकणाऱ्याला एक-दीड वर्ष. अमेरिकेहून नातेवाइकांकरवी जुना टर्नटेबल आणवत असाल तर मोटर तपासा. विजेच्या ६० हर्ट्‌झवर वेग ठरणारी मोटर आपल्या ५० हर्ट्‌झवर हळू फिरते, ३३ च्या जागी २८ पेक्षाही कमी. नुसता व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, वेगळी पुली लागते.

कशावर पैसे लावावेत? सत्तरच्या दशकातल्या टेपवर रेकॉर्ड झालेल्या रॉकवर, डोळे मिटून नाही पण विश्वासाने. झेपलिनचे २०१४ नंतरचे आल्बम, पिंक फ्लॉइडचे जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी मास्टर केलेले २०१६ चे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेली ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीची हाय फिडेलिटी मालिका, जिचं कटिंग केव्हिन ग्रे करतो. ती मर्यादित प्रतींची आणि महाग आहे. पैसे एकाच आल्बमवर लावायचे असतील तर तिच्यावर लावा. २००० नंतरच्या आल्बमांत मात्र एलपीसाठी वेगळं मास्टरिंग केलं आहे याची खात्री झाल्याशिवाय हात आखडता ठेवा. नवी मुंबईत २०२४ मध्ये रेकॉर्ड दाबण्याचा कारखाना सुरू झाला आहे. इथल्या बँडना आल्बम परदेशात दाबून आणायची गरज उरली नाही, तर त्यांचीही एलपी रास्त भावात घेता येईल.

घरी ठेवताना आल्बम उभे ठेवा, ना तिरके ना घट्ट. आडवी चळत लावली तर खालच्या तबकड्या वाकतात आणि कव्हरांवर गोल वळ उठतात. शंभर आल्बमांचं वजन तीस किलोंच्या आसपास भरतं, तेव्हा फळी तशी मजबूत हवी. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. मऊ पीव्हीसीचं आवरण काही वर्षांत तबकडीवर धुरकट डाग पाडतं. आणि समुद्राजवळ राहत असाल तर कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. जुलैमध्ये त्या भिंतीला ओल येते, आणि बुरशी सर्वांत आधी कव्हराच्या पाठीवर धरते.